साक्षरता, मताधिकार आणि नेतृत्वशिक्षण : सेप्टिमा क्लार्क यांचे कार्य

लोकसमूहातून त्याचे स्वतःचे पुढारी तयार करण्याचे शिक्षण हा विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत एक स्वतंत्र व्यवसाय बनला. धर्मादाय निधी त्यासाठी अनुदाने देऊ लागले, शिबिरे भरू लागली, आणि ‘प्रशिक्षक’ किंवा ‘सल्लागार’ या नात्याने गावोगाव हिंडणारा एक नवा वर्ग उदयास आला. या वर्गाविषयी विद्वानांच्या मनात थोडासा अविश्वास असतो, आणि तो सर्वस्वी निराधार आहे असे म्हणवत नाही. नेतृत्वाचे पाठ देणारा मनुष्य पुष्कळदा स्वतःचेच नेतृत्व पक्के करीत असतो. परंतु या व्यवसायातील एक चरित्र असे आहे की, ज्याचा अभ्यास भाषाविज्ञान, शिक्षणशास्त्र आणि राज्यशास्त्र या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी करण्यासारखा आहे. दक्षिण कॅरोलायना राज्यातील शिक्षिका सेप्टिमा पॉइनसेट क्लार्क (१८९८–१९८७) यांचे ते चरित्र होय. अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीचा इतिहास मोर्चे आणि भाषणे यांच्या आधारे सांगण्याची प्रथा असल्यामुळे त्यांचे नाव त्यात बहुधा तळटीपेत आढळते.

या कार्याचे स्वरूप समजण्यासाठी प्रथम एक कायदा ध्यानात घेतला पाहिजे. दक्षिण कॅरोलायनाच्या १८९५ च्या राज्यघटनेने मतदार होऊ इच्छिणाऱ्यावर अशी अट घातली होती की, त्याला राज्यघटनेचे कोणतेही कलम वाचता व लिहिता आले पाहिजे; अथवा त्याच्या नावे निदान ३०० डॉलर आकारणीची मालमत्ता असली पाहिजे. कायद्याच्या शब्दांत वर्णाचा उल्लेख नव्हता. पण कलम निवडणारा अधिकारी एक, वाचन ऐकणारा तोच, आणि ‘हे वाचन झाले की नाही’ असा निर्णय देणाराही तोच. वाचणे ही भाषिक क्रिया अशा रीतीने एका गोऱ्या नोंदणी-अधिकाऱ्याच्या मर्जीची बाब बनली होती. एखाद्या शब्दावर जीभ अडखळली तर अर्ज फेटाळता येई. गोऱ्या अर्जदाराच्या बाबतीत तीच अडखळण कानाआड करता येई. अशा परीक्षा वर्णभेद न करता घेतल्या गेल्यास त्या घटनाबाह्य नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली ‘लॅसिटर’ खटल्यात दिला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. म्हणजे ज्या काळात क्लार्कबाई आपले काम उभारीत होत्या त्या काळी ही अट कायद्याने बळकटच होत होती.

क्लार्कबाईंचा जन्म चार्ल्सटन शहरात ३ मे १८९८ रोजी झाला. वडील गुलामगिरीत जन्मलेले. आईचे बालपण हैती बेटावर गेलेले. एव्हरी नॉर्मल इन्स्टिट्यूट या संस्थेतून १९१६ साली त्या शिक्षिका होऊन बाहेर पडल्या, तेव्हा चार्ल्सटनच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षकांची नेमणूकच होत नसे. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांतही शिक्षक गोरेच असत. त्यामुळे वयाच्या अठराव्या वर्षी त्यांना किनाऱ्यालगतच्या जॉन्स बेटावर जावे लागले. तेथे दोन शिक्षिकांकडे मिळून १३२ मुले होती. मुख्याध्यापिका म्हणून क्लार्कबाईंना महिना ३५ डॉलर आणि त्यांच्या सहकारिणीस २५ डॉलर मिळत. समोरच गोऱ्या मुलांची शाळा होती. तिच्यात तीन मुले होती आणि शिक्षिकेचे वेतन ८५ डॉलर होते. हे आकडे क्लार्कबाईंनी आपल्या आठवणींत दिलेले आहेत, आणि त्यांवर भाष्याची आवश्यकता नाही.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मात्र जॉन्स बेटाचे महत्त्व निराळे आहे. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जिया यांच्या किनाऱ्यावरील या बेटांवर ‘गल्ला’ ही भाषा बोलली जाते. (मराठी वाचकास या नावाने दुकानातला गल्ला आठवेल, दोहोंचा संबंध नाही.) इंग्रजी शब्दसंग्रह आणि पश्चिम आफ्रिकेतील भाषांचे संस्कार यांच्या मिश्रणातून झालेली ही संकरभाषा आहे. १९४९ पर्यंत बहुतेक विद्वानांचा समज असा होता की, गल्ला म्हणजे अशिक्षित लोकांनी बिघडवलेली इंग्रजी. आळशी जिभेचा तो दोष होय असे छापून सांगणारेही होते. लॉरेन्झो डाउ टर्नर या कृष्णवर्णीय भाषावैज्ञानिकाने आपल्या १९४९ च्या ग्रंथात या बोलीतील आफ्रिकी शब्द व व्यक्तिनामे यांचा मोठा संग्रह देऊन तो समज खोडून काढला. क्लार्कबाईंनी टर्नर वाचण्यापूर्वी तीन दशके वर्गात जे केले ते यामुळे लक्षणीय वाटते. शाळेत पुस्तके जवळजवळ नव्हती. तेव्हा मुलांनी आपल्या रस्त्याविषयी, झाडांविषयी, आकाशाविषयी सांगितलेल्या गोष्टी त्या धोब्याच्या दुकानातील कागदी पिशव्यांवर लिहून भिंतीवर टाचीत आणि तोच वाचनपाठ होई. बोललेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांच्यातील अंतर मुलाला प्रथम त्याच्याच वाक्यात दिसले पाहिजे, हे तत्त्व त्यांना कोणा ग्रंथाने शिकविले नव्हते.

पुढील तीस-पस्तीस वर्षांचा वृत्तांत थोडक्यात सांगता येईल. चार्ल्सटनच्या शाळांत कृष्णवर्णीय शिक्षक नेमले जावेत यासाठी १९१९ साली सह्यांची मोहीम झाली, तीत त्यांनी काम केले. १९२० साली तो हक्क मिळाला. त्याच वर्षी विवाह झाला, पण पती १९२५ साली वारले. पुढे कोलंबिया शहरात अध्यापन. विल लू ग्रे यांच्या प्रौढशिक्षण कार्यक्रमात निरक्षर सैनिकांना सही करण्यास शिकविणे. १९४२ साली बी. ए. आणि १९४६ साली एम. ए. पदवी; १९४५ च्या समान वेतनाच्या खटल्यासाठी साहाय्य. सैनिकांच्या वर्गात एक गोष्ट त्यांच्या हाती लागली, तिचा पुढे फार उपयोग झाला : प्रौढ मनुष्याला अक्षरमालेपासून आरंभ करावयाचा नसतो, त्याला स्वतःचे नाव लिहावयाचे असते.

त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती १९५६ साली. राज्याच्या विधिमंडळाने असा कायदा केला की, सरकारी वा नगरपालिकेच्या नोकराने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या ‘एन. ए. ए. सी. पी.’ या राष्ट्रीय संघटनेचे सभासद असू नये. क्लार्कबाईंनी सभासदत्व लपविण्याचे नाकारले. चाळीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांना कामावरून दूर करण्यात आले आणि निवृत्तिवेतनही गेले. त्या वेळी त्यांनी कृष्णवर्णीय शिक्षकांना ७२६ पत्रे पाठविली होती. उत्तरे आली २६. शिक्षणाधिकाऱ्यांना भेटावयास जाण्यास अकरा जण तयार झाले आणि प्रत्यक्षात आले अवघे पाच. दुसऱ्या एखाद्या कार्यकर्त्याने यावरून शिक्षकवर्गाच्या भित्रेपणावर एक लेख लिहिला असता. क्लार्कबाईंनी मात्र तो दोष स्वतःकडे घेतला : ज्यांची मनाची तयारी झालेली नाही अशांना आपण पुढे ढकलू पाहिले, लोकांबरोबर चालल्याशिवाय त्यांना कोठेही नेता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्रशिक्षक म्हणून त्यांची जी पद्धती पुढे प्रसिद्धीस आली तिचे मूळ या अपयशात आहे असे म्हणावयास हरकत नाही.

नोकरी गेल्यावर टेनेसी राज्यातील मॉन्टईगल येथील ‘हायलँडर फोक स्कूल’ने त्यांना कार्यशिबिरांच्या संचालिका म्हणून बोलावून घेतले. ही संस्था मायल्स हॉर्टन यांनी १९३२ साली, डेन्मार्कमधील लोकशाळा पाहून आल्यावर, सहकाऱ्यांसह स्थापन केली होती. प्रथम तेथे कामगार संघटनांचे कार्यकर्ते शिकत. १९५३ नंतर श्वार्झहाउप्ट निधीच्या अनुदानातून ग्रामीण भागातील नेतृत्वशिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. गोरे व काळे एकाच मेजावर जेवीत आणि एकाच घरात राहत, ही गोष्ट दक्षिणेत त्या काळी बेकायदा मानली जाई. १९५५ च्या उन्हाळ्यात क्लार्कबाईंनी चालविलेल्या शिबिरास माँटगोमेरीहून रोझा पार्क्स आल्या होत्या. त्याच वर्षीच्या १ डिसेंबरला बसमधील जागा सोडण्यास नकार दिल्याबद्दल पार्क्स यांना अटक झाली. या दोन घटनांत सरळ कार्यकारणभाव जोडणे घाईचे होईल, कारण पार्क्स त्यापूर्वीच अनेक वर्षे कार्यकर्त्या होत्या. तरी थकलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईची ती अचानक उसळलेली कृती होती, ही लोकप्रिय कथा मात्र टिकत नाही.

हायलँडरमधील सर्वांत फलदायी घटना एका शिबिराचा विषय बाजूला पडल्यामुळे घडली. १९५४ साली क्लार्कबाईंनी जॉन्स बेटावरील ईसॉ जेंकिन्स यांना तेथे नेले. शिबिराचा विषय संयुक्त राष्ट्रसंघ हा होता. जेंकिन्स यांचा प्रश्न वेगळाच निघाला. ते बेटावरील मजुरांना आपल्या बसमधून चार्ल्सटनला कामावर पोहोचवीत. त्या प्रवासात ते राज्यघटनेचे कलम प्रवाशांकडून पाठ करून घेत. एका बाईने ते कलम संपूर्ण मुखोद्गत केले आणि नोंदणीही करून घेतली, पण नंतर जेंकिन्स यांना तिने सांगितले की, आपल्याला खरोखर वाचावयाचे आहे. पाठांतर आणि वाचन यांतील भेद पंडितांनी पुष्कळ चर्चिला आहे. येथे तो एका मजूर बाईने स्वतःच्या अनुभवावरून मांडला होता. जेंकिन्स यांनी शिबिरात एवढेच मागितले की, प्रौढांसाठी रात्रीची शाळा हवी. शिबिराने आपला विषय बाजूस ठेवला.

शाळा उघडण्यास मात्र तीन वर्षे लागली. चर्च आणि सरकारी शाळा जागा देण्यास भीत होत्या. अखेर बेटावरील लोकांच्या ‘प्रोग्रेसिव्ह क्लब’ने हायलँडरकडून १५०० डॉलर कर्ज घेऊन एक जुनी इमारत विकत घेतली. पुढच्या भागात किराणा मालाचे दुकान आणि मागच्या खोल्यांत वर्ग, अशी रचना केली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या गोऱ्यांना ते केवळ दुकान वाटावे. ७ जानेवारी १९५७ रोजी १४ विद्यार्थी घेऊन वर्ग सुरू झाला. हिवाळा संपेपर्यंत त्यांची संख्या ३७ झाली.

शिक्षिका म्हणून निवड झाली ती क्लार्कबाईंच्या नात्यातील बर्निस रॉबिन्सन यांची. त्या केशप्रसाधनाचा व्यवसाय करीत आणि त्यांनी कधी शाळेत शिकविलेले नव्हते. ही निवड दोन कारणांनी झाली, आणि दोन्ही अभ्यसनीय आहेत. हॉर्टन व क्लार्कबाई यांना भीती होती की, व्यावसायिक शिक्षक आपल्याबरोबर लहान मुलांचा अभ्यासक्रम आणि वर्गातला दराराही घेऊन येईल. दुसरे कारण आर्थिक आहे. दक्षिणेत कृष्णवर्णीय शिक्षक, घरकाम करणारी बाई, शेतमजूर हे सर्व गोऱ्या मालकाच्या वा मंडळाच्या हाताखाली होते. एका शब्दासरशी त्यांची भाकरी जाऊ शके. केशप्रसाधन करणाऱ्या बाईची गिऱ्हाइके मात्र सर्व कृष्णवर्णीय. तिचे दुकान तिचे स्वतःचे असे आणि तेथे बायका तासन्‌तास मोकळेपणी बोलत. पुढे उत्तर चार्ल्सटनमधील वर्ग तर केशप्रसाधनगृहातच भरला. नेतृत्वाचे गुण शोधताना वक्तृत्व वा शिक्षण न पाहता कोणाला नोकरीवरून काढता येत नाही हे पाहणे, हा विचार नेतृत्वशास्त्रावरील पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. पण दडपशाहीच्या प्रदेशात तोच पहिला निकष ठरतो.

रॉबिन्सन पहिल्या रात्री प्राथमिक शाळेची पुस्तके घेऊन गेल्या आणि ती बालिश आहेत हे त्यांच्या लगेच ध्यानात आले. त्यांनी वर्गाला सांगितले की, आपण शिक्षिका नाही, सर्वांनी मिळून शिकावयाचे आहे. मग काय शिकावयाचे ते विचारले. कोणाला नाव लिहावयाचे होते, कोणाला मनीऑर्डरचा आणि टपालाने माल मागविण्याचा छापील अर्ज भरावयाचा होता, कोणाला बायबल वाचावयाचे होते. जाड पुठ्ठ्यावर नाव लिहून ते पुन्हापुन्हा गिरविण्यास देत. डोळ्यांआधी हाताला वळण लागे. कुदळ-नांगर धरून घट्ट झालेल्या बोटांना पेन्सिलीचा भार कळत नाही, हे शिकविणारीने ओळखले होते. वर्तमानपत्रातील वाणसामानाच्या जाहिरातींवरून हिशेब शिकविला जाई. भिंतीवर मात्र रॉबिन्सन यांनी संयुक्त राष्ट्रसंघाचा १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला होता आणि वर्ग संपेपर्यंत प्रत्येकाला तो वाचता व समजता यावा अशी इच्छा बोलून दाखविली होती. पासष्ट वर्षांच्या एका बाईने फळ्यावरील अनेक नावांतून स्वतःचे नाव ओळखून काढले, तो प्रसंग रॉबिन्सन पुढे अनेकदा सांगत.

या पद्धतीचे वैशिष्ट्य केवळ ‘उपयुक्त साक्षरता’ या शब्दांत सामावत नाही. उपयुक्त साक्षरतेचे बहुतेक प्रयोग अर्ज भरण्यापाशी थांबतात. येथे एकाच फळ्यावर मनीऑर्डर आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा होता. राज्यघटनेतील अवघड शब्द हेच शब्दलेखनाचे शब्द होते आणि शब्दाचा अर्थ सांगता सांगता करवसुली, शेरीफ, शाळामंडळ यांची चर्चा आपोआप निघे. ब्राझीलमधील पाउलो फ्रेरे यांचा आंजिकोस येथील प्रयोग १९६३ चा, आणि त्यांचा विख्यात ग्रंथ १९७० च्या सुमाराचा. जॉन्स बेटावरील मंडळी त्यांच्या आधीची असून त्यांना त्यांची वार्ताही नव्हती. ब्राझीलमध्येही निरक्षरांना मताधिकार नव्हता (तो १९८५ साली मिळाला), हे साम्य मात्र अपघाती नाही. अक्षरांवर मताची किंमत ठरू लागली की अक्षरे शिकविणे ही राजकीय कृती होते, मग शिकविणाऱ्याची इच्छा असो वा नसो.

सत्ताधाऱ्यांनाही ते कळून चुकले. ३१ जुलै १९५९ रोजी हायलँडरवर धाड पडली आणि दारू बाळगल्याच्या आरोपाखाली क्लार्कबाईंना अटक झाली. आरोप टिकला नाही, पण १९६१ साली संस्थेची सनद रद्द होऊन मालमत्ता जप्त झाली. तोपर्यंत हा कार्यक्रम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या ‘सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स’कडे सोपविण्याचे ठरले होते. जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळील डॉर्चेस्टर येथील जुन्या मिशनशाळेत प्रशिक्षणकेंद्र निघाले. क्लार्कबाई, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग हे तिघे ते चालवीत. दक्षिणेच्या सर्व राज्यांतून निवडलेली माणसे पाच दिवसांसाठी येत. ‘नागरिक म्हणजे कोण?’ या प्रश्नाने आरंभ होई, आणि शेवटी प्रत्येकाने गावी परतल्यावर वर्ग कोठे, केव्हा आणि कोणासाठी उघडणार ते सांगावयाचे असे. शिक्षकासाठी अपेक्षा इतक्याच : मोठ्याने नीट वाचता यावे, फळ्यावर लिहिता यावे आणि गावात मान असावा. मिसिसिपीतील फॅनी लू हेमर याच वर्गांतून तयार झाल्या. जून १९६३ मध्ये चार्ल्सटनच्या शिबिराहून परतताना विनोना येथील तुरुंगात त्यांना झालेली अमानुष मारहाण अमेरिकेच्या इतिहासात नमूद आहे. क्लार्कबाईंनी दिलेल्या हिशेबाप्रमाणे १९५७ ते १९७० या काळात असे ८९७ वर्ग झाले. ते स्वयंपाकघरांत, झाडांखाली, दुकानांत भरत.

ज्या संघटनेने हे काम स्वीकारले तिच्यात क्लार्कबाईंना कितपत किंमत होती, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातील बोचरा भाग आहे. कार्यकारी मंडळावर त्या होत्या, पण मंडळातील धर्मोपदेशकांना एका बाईचे म्हणणे ऐकण्याची सवय नव्हती. एकदा त्यांनी किंग यांना पत्र लिहून सुचविले की, प्रत्येक मोर्चाच्या अग्रभागी तुम्ही स्वतः न चालता ठिकठिकाणी इतरांना पुढे होऊ द्यावे, म्हणजे नेते तयार होतील. ते पत्र बैठकीत वाचले गेले आणि उपस्थित मंडळी हसली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. किंग यांच्याविषयीचा त्यांचा आदर अखेरपर्यंत टिकला, पण हे हसणे त्या विसरल्या नाहीत. १९६८ साली किंग यांची हत्या झाल्यावर त्या संघटनेची जी अवस्था झाली, ती पाहता या पत्राचे महत्त्व वाढते.

या साऱ्या कार्यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. परीक्षाच जर अन्यायाची होती, तर लोकांना तिच्यात उत्तीर्ण होण्याचे शिक्षण देणे म्हणजे अन्यायाला मान्यता देणे नव्हे काय? भारतीय वाचकाच्या मनात हा प्रश्न अधिक तीव्रतेने येईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२९ साली मुंबई प्रांतिक समितीस सादर केलेल्या स्वतंत्र अहवालात प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती आणि निरक्षर तो बुद्धिहीन हे समीकरण खोडून काढले होते. ज्यांना शिक्षणापासून दूर ठेवले त्यांनाच शिक्षण नाही म्हणून मत नाकारणे, यातील विपरीतपणा त्यांनी उघड केला होता. भारतीय संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने साक्षरतेची अट घातली नाही. १९५१–५२ च्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराच्या चिन्हाची स्वतंत्र पेटी ठेवून निरक्षर मतदाराची सोय करण्यात आली. त्या मानाने क्लार्कबाईंचा मार्ग फेऱ्याचा वाटतो. पण आंबेडकर नवी राज्यव्यवस्था घडत असताना बोलत होते. जॉन्स बेटावरील लोकांपुढे साठ वर्षे जुनी राज्यघटना होती, ती बदलण्यासाठी मते हवी होती, आणि मते त्या परीक्षेपलीकडे होती. शिवाय, कलम वाचावयास आलेला मनुष्य ते कलम कोणी आणि कशासाठी लिहिले हे विचारल्यावाचून राहत नसे. परीक्षेची तयारी हीच तिच्यावरील टीका ठरली.

१९६५ च्या मताधिकार कायद्याने दक्षिणेतील या परीक्षा स्थगित केल्या आणि १९७५ साली त्या संपूर्ण देशात कायमच्या बंद झाल्या. त्यामुळे वर्गांचा तातडीचा हेतू संपला. क्लार्कबाई १९७० साली निवृत्त झाल्या. १९७५ साली चार्ल्सटनच्या ज्या शाळामंडळाच्या व्यवस्थेने त्यांना वीस वर्षांपूर्वी काढून टाकले होते, तिच्यातच त्या निवडून आल्या. १९७६ साली त्यांचे निवृत्तिवेतन पुन्हा सुरू झाले. सिंथिया स्टोक्स ब्राउन यांनी संपादिलेल्या त्यांच्या आठवणी १९८६ साली प्रसिद्ध झाल्या आणि पुढील वर्षाच्या १५ डिसेंबरला त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट मात्र त्या वर्गांच्या कक्षेत नव्हती. वर्गाची बोली गल्ला असली तरी फळ्यावरची भाषा इंग्रजीच होती, कारण परीक्षा इंग्रजीची होती. गल्लाला लिखित प्रतिष्ठा मिळू लागली ती पुष्कळ नंतर. त्या भाषेतील नव्या कराराचे भाषांतर २००५ साली छापून निघाले. कागदी पिशव्यांवर मुलांची वाक्ये लिहिणाऱ्या तरुण शिक्षिकेने त्यांतील किती शब्द जसेच्या तसे ठेवले आणि किती बदलले, याचा पुरावा आता उरलेला नाही. त्या पिशव्या कोणी जपून ठेवाव्यात असे तेव्हा कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.